नोकरी नाही, तरी व्हिसाच्या अर्जात खोटे लिहू नका



मुळशी तालुक्यातल्या रिहे गावाहून एका भावाचे पत्र आले आहे. नाव छापू नका, अशी त्याची विनंती आहे. ती पाळून त्याचा प्रश्न येथे घेत आहोत, कारण हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येऊ लागला आहे.

त्याची थोरली बहीण शिष्यवृत्तीच्या आधारावर नर्सिंग शिकली. तीन वर्षांपासून ती इंग्लंडमध्ये एका इस्पितळात नोकरी करते. तिला मुलगी झाली आहे. आईने आणि भावाने महिनाभर येऊन जावे, सगळा खर्च मी करीन, असा तिचा आग्रह आहे. भाऊ पिरंगुटला एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंत्राटदाराने ‘ब्रेक’ दिला, त्याला पाच महिने झाले. आई जवळपासच्या फार्महाऊसवर धुणीभांडी, झाडलोट करते आणि पावसाळ्यात भातलावणीला जाते. भाऊ विचारतो, “मला काम नाही, आईला पगाराची पावती नाही. आम्हाला टुरिस्ट व्हिसा मिळेल का? एक एजंट म्हणतो, कंपनीचे पत्र आणि तीन पगारपत्रके बनवून देतो, खात्यावर चार लाख रुपये पंधरा दिवस फिरवून देतो. त्याचे काय करू?”

आधी थोडक्यात उत्तर देऊ. काम नसलेल्या माणसाला पर्यटक व्हिसाचा अर्ज करता येतो. बेकार असणे हा गुन्हा नाही आणि तेवढ्याच कारणाने अर्ज करायला कोणी मनाई करीत नाही. एजंटाची कागदपत्रे मात्र घेऊ नका. आता हे सविस्तर पाहू.

पासपोर्ट आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट आपले सरकार देते. परदेशी जाणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी यांच्या खटल्यात १९७८ साली सांगितले. पासपोर्टसाठी नोकरी लागत नाही. तो आपला हक्क आहे आणि सरकारला तो नाकारायचा असेल तर कायद्याने दिलेले कारण दाखवावे लागते. व्हिसा म्हणजे परक्या देशाने आपल्या दारातून आत येण्याची दिलेली परवानगी. तिथे आपला हक्क चालत नाही. घरमालकाला पटवावे लागते की आम्ही पाहुणे आहोत, चार दिवस राहू आणि परत जाऊ.

हे पटवण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कशासाठी जाता? पैसा कोणाचा? आणि परत का याल? इंग्लंड असो, युरोपातील देश असोत की अमेरिका, अर्ज कितीही लांबलचक असला तरी अधिकारी शेवटी हेच तीन प्रश्न तपासतो. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर असे धरूनच चालतात की अर्ज करणारा माणूस तिथे कायमचा राहायला येतो आहे. तसे नाही, हे त्याने स्वतः सिद्ध करायचे. तिथे मुलाखत होते आणि दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. इंग्लंडच्या पाहुण्या व्हिसासाठी बहुतेकांची मुलाखत होत नाही. अर्ज इंटरनेटवर भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो केंद्रावर जाऊन द्यायचे. पुण्यात असे केंद्र आहे. त्यानंतर तुमच्या वतीने फक्त कागद बोलतात. म्हणून कागद नीट हवेत.

पहिला प्रश्न सोपा आहे. बहिणीकडे जायचे, भाची पाहायची, महिना राहून यायचे. जाण्याची आणि येण्याची अंदाजे तारीख लिहा. महिनाभरात काय काय पाहणार, तेही दोन ओळींत लिहा. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते आणि महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. आपली माणसे इंग्लंडला गेली की तिथे जातातच. तुम्हीही जाणार असाल तर तसे लिहा. खरा बेत असला की तो लिहायला अडत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. इथे आपल्या लोकांना उगाच संकोच वाटतो. दुसऱ्याच्या पैशावर जाणे यात काही कमीपणा नाही. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनेहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक होती, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये होते. पैसा कोणाचा, याचा हिशेब स्वच्छ असला की झाले.

इंग्लंडच्या नियमात दुसऱ्या माणसाने खर्च करायला पूर्ण मुभा आहे. त्या माणसाशी तुमचे खरे नाते हवे, त्याचे तिथले वास्तव्य कायदेशीर हवे आणि खर्च उचलण्याची त्याची ऐपत हवी. म्हणजे बहिणीने हे द्यायचे : तिच्या राहण्याच्या परवान्याचा पुरावा, किमान तीन महिन्यांची पगारपत्रके, त्याच काळातील बँकेचा उतारा, घराचा भाडेकरार आणि एक पत्र. आई व भाऊ कुठे राहणार, किती दिवस राहणार, विमानाचे तिकीट कोण काढणार, जेवणखाण कोणाकडे, हे त्या पत्रात असावे. घरात जागा आहे, हेही तिने लिहावे. आजीने नात खेळवली, तिला न्हाऊमाखू घातले तर कोणी हरकत घेत नाही. पण पगारी सांभाळणारी बाई म्हणून कोणी पाहुण्याच्या व्हिसावर जाऊ शकत नाही. तेव्हा ‘आई आली की मला बाई ठेवायला नको’ अशी वाक्ये पत्रात येऊ देऊ नका.

तुमच्या स्वतःच्या खात्यात थोडेच पैसे असतील. असू द्या. सहा महिन्यांचा उतारा आहे तसा जोडा. अधिकाऱ्याला थोडक्या शिलकीपेक्षा अचानक आलेली मोठी रक्कम खटकते. महिन्याला पाच-सात हजारांची ये-जा असलेल्या खात्यात एके दिवशी चार लाख येतात आणि अर्जाचा निकाल लागला की निघून जातात, हा प्रकार त्यांनी हजार वेळा पाहिलेला असतो. भविष्यनिर्वाह निधी काढून खाते फुगवण्याचेही कारण नाही. तो म्हातारपणाचा पैसा आहे, त्याला हात लावू नका. बहिणीने खरोखर पैसे पाठवले असतील तर ‘बहिणीने प्रवासासाठी पाठवले’ असे सरळ लिहा.

आता नोकरीचा रकाना. इंग्लंडच्या अर्जात नोकरीत, स्वतःचा धंदा, विद्यार्थी, निवृत्त आणि बेकार असे पर्याय असतात. अमेरिकेच्या अर्जातही नोकरी नसल्याचा वेगळा पर्याय आहे. भावाने ‘बेकार’ हाच पर्याय निवडायचा. मग सोबतच्या पत्रात चार वाक्यांत खुलासा करायचा. तो असा असू शकेल :

“मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पिरंगुट येथील कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला होतो. कंत्राट संपल्यामुळे सध्या मला नोकरी नाही. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक सोबत जोडले आहे. या प्रवासाचा खर्च माझी बहीण करणार आहे. मी माझ्या आईवडिलांसोबत रिहे येथे राहतो आणि अमुक तारखेला परत येणार आहे.”

एवढे पुरे. रडगाणे नको, बढाईही नको. हे कोणा शिकलेल्या मुलाकडून इंग्रजीत करून घ्या. पीएफचे पासबुक म्हणजे तुम्ही खरोखर काम करीत होता याचा सरकारी पुरावा आहे. कोणत्या महिन्यात कोणी किती भरले, ते त्यात दिसते. कंत्राटदाराकडे अनुभवाचा दाखला मागा. तो मागण्याचा कंत्राटी कामगाराला हक्क आहे.

आईचे काय? आई बेकार नाही, हे आधी घरातल्यांनी समजून घ्यावे. पहाटे उठून चार घरची भांडी घासणारी, गुडघाभर चिखलात भात लावणारी बाई ‘काही करत नाही’ असे आपणच फॉर्ममध्ये लिहितो. ती घरकामगार आहे, शेतमजूर आहे. तसेच लिहावे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याणकारी मंडळ झाले आहे. त्यात नाव नोंदले असेल तर त्याचे ओळखपत्र जोडावे. ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बांधकाम कामगार मंडळाचे कार्ड, बचत गटाचे पासबुक, यांतले जे असेल ते चालेल. जिच्या घरी ती काम करते त्या बाईंनी ‘ही आमच्याकडे इतक्या वर्षांपासून कामाला आहे, अमुक तारखेपासून महिनाभर सुट्टीवर जात आहे’ असे सही करून, फोन नंबर घालून दिले तर फारच चांगले. या कागदाला लाज कशाची? तो खरा आहे, हीच त्याची किंमत.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. परत का याल? नोकरी असलेल्याला रजेचे पत्र दाखवता येते. नोकरी नसलेल्याने काय दाखवावे? इथे पुष्कळजण सातबारा काढून आणतात. रिहे खोऱ्यात आणि एकूणच मुळशीत आपल्या लोकांच्या जमिनी बहुधा जुन्या महार वतनाच्या आहेत. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात. त्यात आजोबांचे नाव अजून असते, वारस नोंद राहिलेली असते आणि भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असतो. हिंजवडी जवळ असल्याने भाव मोठे सांगतात, म्हणून कोणीतरी ‘लाखोंची मालमत्ता’ असा मूल्यांकनाचा दाखला करून देतो. पण जी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही आणि जिच्यात तुमचा हिस्सा चार गुंठ्यांचा आहे, ती तुमची रोकड नव्हे.

तरीही सातबारा जोडावा. तुमची मुळे कोणत्या गावात आहेत एवढे त्यावरून दिसते आणि तेवढ्यासाठीच तो जोडायचा असतो. डिजिटल सहीचा उतारा काढा, त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्या, भाषांतर करणाऱ्याचे नाव, सही, पत्ता आणि तारीख घ्या. मराठीतला कागद भाषांतराशिवाय जोडला तर तो न जोडल्यासारखाच आहे. आणि प्रवासासाठी हिश्श्याची जमीन गहाण टाकण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो आजच सोडून द्या.

जमिनीपेक्षा माणसे आणि तारखा जास्त बोलतात. आजारी वडिलांचे उपचार चालू असतील तर त्याचे कागद, धाकट्या बहिणीची दहावी, आयटीआयला घेतलेला प्रवेश, भरतीच्या परीक्षेचे प्रवेशपत्र, नव्या कामाचे नेमणूकपत्र, यांतले जे खरे असेल ते जोडावे. आईच्या बाबतीत नवरा, मुले, घर, काम सगळे इथेच आहे. तिचे उत्तर भक्कम आहे.

एक बारीकशी पण नेमकी अडवणारी गोष्ट नावांची आहे. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, पासपोर्टवर आणखी तिसरेच, असे आपल्याकडे सर्रास होते. कोणी आडनाव बदललेले असते. मग ही हिची आई, हेच सिद्ध होत नाही. पासपोर्ट काढण्यापूर्वी नावे एकसारखी करून घ्या. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत ठेवा.

आता त्या एजंटाकडे वळू. तो सांगतो त्या कंपनीला व्हिसा अधिकारी फोन करतात. पगारपत्रकाशी पीएफ आणि बँक ताडून पाहतात. खोटे सापडले तर इंग्लंड दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारते. कॅनडा पाच वर्षे दार बंद करते. अमेरिकेत फसवणुकीचा शिक्का जन्मभराचा असतो. त्यातून सूट मागता येते, पण मिळेलच असे नाही. बनावट कागद वापरणे हा आपल्या देशातही गुन्हा आहे, तो वेगळाच. एजंट पंधरा हजार घेऊन मोकळा होतो आणि अर्जावर सही तुमची असते. ‘मला माहीत नव्हते, एजंटने केले’ हे कोणी ऐकून घेत नाही. शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जात विचारतात, ‘पूर्वी कधी नकार मिळाला आहे का?’ एकट्या भावाच्या खोट्यापायी आईचा खरा अर्जही संशयात येतो. उद्या बहिणीने वडिलांना बोलावले तरी तीच सावली आड येते. ज्या मुलीने रात्रंदिवस राबून परक्या देशात नाव कमावले, तिच्या पत्राची किंमत घालवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून रिहेच्या भावाला आमचा सल्ला स्पष्ट आहे. दोघांचे अर्ज वेगवेगळे तपासले जातात. तरुण, अविवाहित आणि बेकार माणसाचा ‘परत का याल’ या प्रश्नाचा भाग लंगडा असतो. कागद खरे असूनही नकार येऊ शकतो आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. २०२५ साली हे शुल्क माणशी १२७ पौंड होते, ते बदलत असते, भरण्यापूर्वी पाहून घ्या. तेव्हा या खेपेला आईचा अर्ज करावा. आई एकटी कशी जाईल ही भीती खरी आहे, पण विमानतळावर मदतीला माणूस मिळतो. तिकीट काढतानाच तशी सोय मागून घेता येते. भावाने आधी काम धरावे, सहा महिने पगार खात्यात येऊ द्यावा आणि मग भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला जावे. त्याला आत्ताच जायचे असेल तर अर्ज जरूर करावा, पण ‘बेकार’ हा शब्द लिहून, नकाराची तयारी ठेवून.

हे सांगताना दुसरीही गोष्ट बोलणे भाग आहे. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर काम मिळते’ असे सांगणारे वस्तीवस्तीत फिरतात. बेकार पोरे त्यांच्या गळाला लागतात. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरचे काम आहे असे सांगून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये कोंडून, त्यांच्याकडून लोकांना फसवण्याचे काम करून घेतल्याचे उघड झाले. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही. केले तर मालक पगार बुडवतो आणि तक्रार करायची सोय राहत नाही. नोकरीसाठी जायचे तर नोकरीचाच व्हिसा हवा आणि नेणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. दहावी न झालेल्यांनी तर आखाती देशांकडे निघण्यापूर्वी हे दोनदा तपासावे.

आणि ज्यांना फक्त परदेश पाहायचा आहे, त्यांच्या खिशात फार काही नसले तरी एक वाट मोकळी आहे. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वेने, तिथून सोनौलीची सरहद्द ओलांडली की लुंबिनी. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. तुम्हाला नोकरी आहे का, खात्यात किती आहेत, असे तिथे कोणी विचारत नाही.

अर्ज करूनही नकार आला तर खचू नका. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेले असते. ते कोणाकडून तरी शब्दन् शब्द समजून घ्या. पाहुण्या व्हिसाच्या नकारावर इंग्लंडमध्ये अपिलाची वाट जवळजवळ बंद आहे. पण परिस्थिती बदलल्यावर नवा अर्ज करता येतो. कारण दूर न करता तोच अर्ज पुन्हा टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. विमानाचे तिकीट व्हिसा हाती आल्याशिवाय काढू नका. इंग्लंडचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. त्या हिशेबाने तारखा धरा. तिथे पाहुण्यांना इस्पितळाचे बिल भरावे लागते, म्हणून आईचा प्रवासाचा आरोग्य विमा उतरवायला विसरू नका. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा.

जयभीम.